भिंतपत्रकाच्या शीर्षकासाठी गुबगुबीत फाँट सुचवा (फुकटातलाच!)

वेलांटी: मुलांच्या वाचनगटाचं भिंतपत्रक करतेय. नाव 'ढगांचा दंगा'. अक्षरं जाड, गोलमटोल, बघताच गालगुच्चा घ्यावासा वाटेल अशी हवीत. मजकुराला मुक्ता फाँट घेतलाय, शीर्षकाचंच अडलंय. बजेट शून्य.

काना_मात्रा: बालू २. डोळे मिटून. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा आहे, तुमचा मुक्ताही त्यांचाच. साध्यापासून एकदम जाडपर्यंत पाच वजनं. परवाना खुला, त्यामुळे छापून विकलंत तरी चालेल. नुसता फाँट तेवढा सुटा विकायचा नाही.

जुना_छापखाना: फुकटच्या नादी लागू नका. मी पैसे मोजून फाँटांचा पूर्ण संच घेतला होता, आजवर पस्तावलो नाही. (युनिकोड नव्हता, म्हणून जुन्या फायलींत आता अक्षरांऐवजी कचरा दिसतो. पण वळणं काय होती!)

उंटावरचा_शहाणा: कूपर ब्लॅक. सत्तरच्या दशकातली सगळी मजा त्यात.

टिंब: तो १९२२चा आहे हो, ऑस्वाल्ड कूपरचा. आणि त्यात देवनागरी नाही. 'ढ' कुठून आणणार?

उंटावरचा_शहाणा: सत्तरीत गाजला असं म्हणायचं होतं. आणि 'ढ'चा टोमणा पोचला.

मधली_सुट्टी: मोदक नावाच्या फाँटपासून सावध! मी तो निमंत्रणात पत्त्यासाठी वापरला, तोही बारीक. त्याच्या अक्षरांच्या पोटातली पोकळी मुळातच चिरेएवढी, छापताना ती बुजली. लोक फोन करून पत्ता विचारत होते.

काना_मात्रा: म्हणून तर म्हटलं, बालू २.

आडवा_तिडवा: बालू २ ला +१. पण ही गोल अक्षरं हल्ली कुठेही घुसवतात. एक शोकसंदेश असल्याच फाँटात पाहिलाय. 'भावपूर्ण' वाचून हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

टिंब: वेलांटीताई, कुठलाही घ्या, पण अक्षरांमधलं अंतर ताणू नका, शिरोरेषा तुटते. शीर्षक दोन ओळींत असेल तर ओळींमध्ये जरा जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या मात्रा एकमेकांत घुसतात. आणि आधी 'कुऱ्हाड', 'दऱ्या', 'राष्ट्र' टाइप करून जोडाक्षरं नीट येतात का बघा. ल आणि श मराठी वळणाचे येतात का, तेही.

जुना_छापखाना: आमच्या संचात हे बघावं लागायचं नाही.

काना_मात्रा: आता काहीच बघता येत नाही ना त्यात.

वेलांटी: सगळ्यांचे आभार. मोदक घेतला :) बालू गोड आहे, पण पहिल्या बाकावरचा वाटला, दंगा करणारा नाही. शब्द दोनच आणि अक्षर तळहाताएवढं, त्यामुळे चिरा बुजल्या नाहीत. प्रिंट भिंतीला लावून दारातून वाचून पाहिली. 'कुऱ्हाड' पुढच्या अंकात आली तर बघू.

मधली_सुट्टी: पत्ता मुक्तामध्ये टाका हं.