बाळाच्या ईसीजीत उजव्या बाजूचा जोर

ताई, विट्यात भाचीच्या दहा दिवसांच्या बाळाच्या ईसीजीवर 'उजव्या बाजूचा जोर' लिहून आलंय आणि घरात सगळे धास्तावलेत, हे वाचलं. मी मिरजेत लहान मुलांचे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते. एवढ्या लहान वयात ईसीजी असाच येतो.

पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत रक्त थोडंच जातं. अंगाला रक्त पुरवण्याचं बरंचसं काम हृदयाचा उजवा कप्पा करतो, त्यामुळे जन्मताना त्याची भिंत डाव्याइतकीच जाड असते. ईसीजीत दिसतो तो उजव्या बाजूचा जोर हाच. बाळ रडलं, फुप्फुसं फुलली की तिथला दाब उतरू लागतो. नाळ बांधली की अंगाचा सगळा भार डाव्यावर. मग डावा झपाट्याने वाढतो, उजवा मागे राहतो. इकोत हे बघायला मला फार आवडतं: नवजात बाळात दोन कप्प्यांमधला पडदा चपटा दिसतो, काही आठवड्यांनी तोच पडदा उजवीकडे फुगलेला आणि डावा कप्पा छान गोल.

जन्मावेळचं साधारण 20 ग्रॅमचं हृदय वर्षभरात दुप्पट होतं. सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर पेशींची संख्या फारशी वाढत नाही, एकेक पेशीच मोठी होत जाते.

दूध ओढताना धाप लागणं, कपाळावर घाम, ओठ निळे पडणं, वजन न वाढणं, यातलं काही असेल तर मात्र थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि ईसीजी डॉक्टरांना दाखवताना बाळाचं वय दिवसांत सांगा, कारण त्यावरच वाचन ठरतं.