परदेशी कोर्टातला घटस्फोट इथे चालू द्यावा का?

कृष्णाकाठ: माझ्या मावसबहिणीला नवऱ्याने ‘आईला बरं नाही’ म्हणून साताऱ्याला आणून सोडलं. चार महिन्यांनी टेक्सासच्या कोर्टाचे कागद ईमेलवर आले. ही बी.ई., पण एच-४ व्हिसावर (तिकडे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो तो) चार वर्षं घरात बसून. स्वतःचा म्हणावा असा एक डॉलर नाही. तिकडच्या वकिलाची फी डॉलरमध्ये आणि काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माझं स्पष्ट मत: लग्न इथे झालंय, बायको इथे आहे, तर तो संसार मोडायचा अधिकार परदेशी कोर्टाला नसावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये असा कायदा सुचवला होता. २०१९ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, तेही मुख्यतः विवाहनोंदणीचं.

अनघा_एडिसन: साफ असहमत. माझं लग्न पुण्यात झालं, घटस्फोट मी न्यूजर्सीत घेतला. तुमचा कायदा असता तर प्रत्येक तारखेला नोकरी सोडून शिवाजीनगरचं कोर्ट गाठावं लागलं असतं. हिंदू विवाह कायद्यात ‘आता पटत नाही’ हे कारणच नाही. दोघं राजी नसतील तर छळासारखं कारण सिद्ध करत बसा. आणि घर त्याच्या नावावर असूनही न्यूजर्सीच्या कोर्टाने मला वाटा दिला. भारतात पोटगी मागता येते, नवऱ्याच्या कमाईत हक्काचा वाटा नाही. टेक्सासमध्ये तर लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात. बहिणीला तिथेच लढू द्या.

रानवारा: अमेरिकेचं स्थळ म्हणून पंधरा दिवसांत लग्न उरकायचं आणि मग कायद्याला दोष द्यायचा?

कृष्णाकाठ: काकांनी त्या पंधरा दिवसांत फंड मोडला हो. मुलाकडच्यांना चौकशीला वेळ द्यायचाच नव्हता. अनघाताई, तुमच्याकडे पगार होता. हिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर. घटस्फोट झाला की तोही गेला. लढायला उभी कुठे राहणार?

कोर्टाचीपायरी: मी कौटुंबिक कोर्टात वकिली करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव खटल्यात दिलेल्या निकालानुसार, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, बायकोच्या गैरहजेरीत मिळालेला परदेशी घटस्फोट इथे मानला जात नाही. म्हणजे तुमची बहीण इथे अजून पत्नी, तो तिकडे मोकळा. तिने स्वखुशीने तिथे हजर राहून लढा दिला, तर ही ढाल कमकुवत होऊ शकते. वाटा हवा की ढाल, हे आधी ठरवा आणि तोवर कशावरही संमतीची सही नको. साताऱ्यात पोटगीचा दावा मात्र आजच लावा. आपला हुकूम अमेरिकेत थेट बजावता येत नाही, म्हणून त्याची इथली मालमत्ता शोधा.

अनघा_एडिसन: ढाल घेऊन ती किती वर्षं बसणार? तिशीतली मुलगी आहे. सर्वोच्च न्यायालय मोडलेलं लग्न थेट संपवू शकतं, हे २०२३ च्या निकालाने स्पष्ट झालं, पण तिथवर पोचायलाही पैसाच लागतो. तिच्यासाठी तिकडचा वकील मी शोधते. काही संस्था फी न घेता अशा केसेस बघतात. मला निरोप करा.

कृष्णाकाठ: करतो. बाणेरला फ्लॅट आहे, वकीलसाहेब. सासऱ्यांच्या नावावर.