मदत हवी आहे : अर्जुनसाल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

नमस्कार. माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांची गेल्या वर्षी कोल्हापुरातच अँजिओप्लास्टी झाली असून क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन आणि रक्तदाबाची गोळी नियमित चालू आहे. राधानगरीकडच्या आमच्या मामांनी ओढ्याकाठच्या अर्जुनाची साल आणून दिली आहे आणि तिचा क्षीरपाक, म्हणजे १ भाग साल, ८ भाग दूध व ३२ भाग पाणी एकत्र करून दूध उरेपर्यंत आटवलेला काढा, रोज द्यावा असा त्यांचा आग्रह आहे. मामांच्या मायेबद्दल शंका नाही. परंतु या गोळ्यांबरोबर अर्जुन किंवा रोजचा कच्चा लसूण घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढेल का, रक्तदाब फार उतरेल का, याची मला काळजी वाटते. गोळ्या बंद करण्याचा प्रश्नच नाही, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा सुरू करणार नाही.

दुसरे म्हणजे, अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी व पापुद्रे सुटणारी, तर त्याच्याच कुळातल्या ऐनाची काळपट आणि खोल भेगांची असते. पण वाळलेल्या तुकड्यांवरून हा फरक खात्रीने कसा ओळखावा? कोल्हापुरात हृदयरुग्णांच्या चालू औषधांचा विचार करून सल्ला देणारे अनुभवी वैद्य माहीत असल्यास कृपया कळवावे.