मदत हवी आहे: विनिपेगच्या थंडीसाठी रिमोट स्टार्टर

नमस्कार मंडळी,

कॅनडातल्या विनिपेगमधला हा आमचा दुसरा हिवाळा. जानेवारीत काही दिवस पारा उणे ३० च्याही खाली जातो. बायकोची ड्युटी सकाळी सातची. अंधारात काच खरवडता खरवडता तिची बोटं बधिर होतात. परवा तर श्वासाची वाफ काचेवर आतूनच गोठली, नखानं खरवडली तर भुगा मांडीवर पडला. यंदा रिमोट स्टार्टर, म्हणजे घरातूनच बटण दाबून गाडी सुरू करायची सोय, बसवायचाच.

गाडी २०१६ ची, ऑटोमॅटिक, चावी फिरवून सुरू होणारी. चावीत इमोबिलायझरची (चोरी रोखणारी, जिच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही अशी) चिप आहे, म्हणजे चावी आत नसतानाही इंजिन सुरू होऊ देणारं बायपास मॉड्यूल लागणार. एक दुकानदार तारा कापून जोडतो म्हणाला. दुसऱ्याकडे मूळ कनेक्टरमध्येच बसणारा तयार हार्नेस (तारांचा जुडगा) आहे, पण पैसे बरेच जास्त. चांगल्या गाडीच्या तारा कापायच्या माझ्या जिवावर येतं. कुणी दोन्ही प्रकार वापरलेत का?

रिमोट एकतर्फी घ्यावा की दुतर्फी? आम्ही पाचव्या मजल्यावर, गाडी मागच्या उघड्या पार्किंगमध्ये. इंजिन सुरू झालं की नाही ते वरून कळत नाही, म्हणून उलट खूण देणारा दुतर्फीच बरा वाटतो. काँक्रीटच्या भिंतींतून सिग्नल पोचतो का?

इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर रात्री लावतोच. बॅटरी मात्र सहा वर्षं जुनी आहे. आधी ती बदलून घेऊ का? बुधवारी दुकानात जायचंय, त्याआधी सांगितलंत तर फार बरं होईल.