इंजिनातली टकटक : तुमच्या गाडीचं काय निघालं, सांगा

मंडळी, मागच्या मे महिन्यात बाबांना सावंगीच्या दवाखान्यात दाखवायला निघालो होतो. दारव्हा ते यवतमाळ गाडी झकास चालली. कळंब मागे पडलं आणि इंजिनातून बारीक टिकटिक यायला लागली. बाबा म्हणाले, "आवाज येऊन रायला ना रे?" मी म्हटलं, देवळीला पाहू. देवळी यायच्या आधीच टिकटिकीचा ठोका झाला. रेस दिली की खालून कुणी हातोडीनं चेंबर ठोकतंय, असा. (चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं.) तेलाचा लाल दिवा लागला तेव्हा गाडी बंद केली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीच्या, टोकाला थेंबही नव्हता. चार दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं. तेल सोडायच्या ड्रेन बोल्टखाली जुनाच वॉशर राहिला आणि तेल वाटभर गळत गेलं. मिस्त्रीनं चेंबर उघडलं, तळाचं तेल बोटावर घेऊन उन्हात धरलं. पितळी चुरा चमकत होता. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, कनेक्टिंग रॉडचं, बेअरिंग गेलं होतं. 62 हजार रुपये लागले, कापसाचे सगळे पैसे त्यात गेले. पण आजारी बाबांना भर उन्हात दीड तास रस्त्याच्या कडेला बसवलं, ते मला अजून लागतं. कळंबलाच थांबून तेल पाहिलं असतं तर डबाभर तेलात भागलं असतं.

म्हणून विचारतो. तुमच्या गाडीचा आवाज कधी यायचा? थंड इंजिनावर की गरम झाल्यावर, चढावर की उभ्या गाडीत? आणि शेवटी निघालं काय? चुकलेलं निदानही सांगा. आमच्या गावापासून चांगला मिस्त्री 40 किलोमीटरवर आहे. तिथवर गाडी चालवत न्यायची की ओढत, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

वरूड, संत्र्याची बाग
माझी डिझेल गाडी. हिवाळ्यात सकाळी सुरू केली की टक-टक-टक, दहा मिनिटांत गायब. जो तो म्हणे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग ढिला झाला. दोनदा टॅपेट सेट करून घेतले, काडीचा फरक नाही. शेवटी आमच्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं टॉर्च मारून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) बुडाशी काजळीची काळी रेघ दाखवली. गॅस्केट फाटलं होतं, एक स्टडही तुटलेला. थंड असताना त्या फटीतून धूर टकटक बाहेर पडायचा. लोखंड तापून फुगलं की फट मिटायची. "गरम झाल्यावर आवाज जातो, म्हणजे टॅपेटच" असं कुणी म्हटलं तर आधी ती काळी रेघ शोधा.

धारणी, शिक्षिका
आमची पेट्रोल गाडी चिखलदऱ्याचा घाट चढताना डब्यात हरभरे खुळखुळावेत तसा आवाज करायची. मी तिसऱ्या गिअरमध्ये रेटत न्यायची. दुसरा टाकला की आवाज बंद, म्हणून दोन उन्हाळे तसेच काढले. मग कळलं की इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर जास्त ओझं पडलं की आत उष्णता वाढते आणि उरलेलं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपोआप भडकतं. मिस्त्रीनं काढलेला प्लग मी हातात घेऊन पाहिला, त्याची पांढरी चिनीमाती टवका उडून फुटली होती. आतला कार्बन साफ केला, बरोबर नंबरचे प्लग टाकले. आता चढाच्या आधीच गिअर उतरवते.

कुरखेडा, आरोग्यसेविका
माझं छोटंच होतं, पण घाबरले फार. गाडी पळवली की टकटक, उभी करून रेस दिली तर काहीच नाही. म्हणजे इंजिन नव्हेच. टायरच्या खाचेत मुरमाचा खडा अडकला होता.

वणी, गॅरेज, 22 वर्षं
राजेहो, सगळ्यात आधी तेल पाहा. सपाट जागी, गाडी बंद करून दहा मिनिटांनी. तो लाल दिवा तेल कमी झालं म्हणून नाही लागत, दाब पडला म्हणून लागते. तवा उशीर झाला राहते.

मंग लांब पेचकस घ्या. टोक इंजिनाले, मूठ कानामागच्या हाडाले. दुपट्टा-गमछा काढून ठेवा, बेल्ट ओढून घेते. वरच्या कव्हरवर बारीक टिकटिक असली तर टॅपेट. एक व्हॉल्व्ह इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडते, म्हणून तो ठोका निम्म्या चालीचा येते. नव्या कॉमन रेल डिझेलचे (सगळ्या इंजेक्टरले एकाच नळीतून लय दाबानं डिझेल देते ते) इंजेक्टर बी टिकटिक करतेत, तो त्यायचा स्वभाव हाय. खाली चेंबरजवळ जड ठोका आन् रेस देल्यावर वाढते, तर बेअरिंग.

जुन्या पंपाच्या डिझेलवर आमी एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करतो. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाज कमी झाला, त्या सिलिंडरमधी खोट. पण कॉमन रेलवर हे चुकूनही करू नका. आत दाब 1000 बारच्या वर जाऊ शकते, डिझेलची धार कातडीत घुसते.

सेकंड हँड गाडी घ्याले गेले तर बॉनेटले हात लावून पाहा. गरम असलं तर उद्या येतो म्हणा. थंड गाडी तुमच्यासमोर सुरू झाली पायजे. जाड तेल टाकून आवाज दाबणारे लय हायेत.

मूर्तिजापूर
माझ्याकडे इंजिनाच्या बाहेरच्या बेल्टचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) निघाला. बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं, आवाज गायब. जास्त वेळ चालवू नका, पाण्याचा पंपही बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर असतो.

दर्यापूर
माझी गाडी आत्ता अंगणात उभी आहे. डिपस्टिकवर तेल बरोबर आहे. गरम झाल्यावर, रेस दिली की खालून जड ठोका येतो. बेल्ट काढून पाहिला, फरक नाही. अमरावतीला न्यायची आहे. हळूहळू नेली तर जमेल का, दादा?

वणी, गॅरेज
नका चालवू भाऊ. तेल बराबर असूनही ठोका हाय, म्हणजे बेअरिंग गेलं असन. आत्ता थांबले तर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) वाचू शकते. ओढत न्या.

दर्यापूर
ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. सकाळी 7 वाजता निघतो.