स्प्लेंडरची बॅटरी दर आठवड्याला उतरते. वीज तयार करणारी कॉइल प्लेट बदलू का?

पाना_दहा_बारा
गाडी २००३ ची हिरो होंडा स्प्लेंडर, किकवाली. बॅटरी १२ व्होल्ट २.५ एएच, पाण्याची, दोनच महिने जुनी. चार्ज करून लावली की आठ-दहा दिवसांत हॉर्न घोगरा होतो, इंडिकेटर ब्लिंक न होता नुसता पेटून राहतो. हेडलाइट मात्र झकास आणि किकही पहिली-दुसरीच. बॅटरीच्या टोकांवर स्लोला १२.३ आणि रेस दिल्यावर १३.१ व्होल्ट दिसतात. गॅरेजमध्ये पांढऱ्या वायरपासून इंजिनच्या बॉडीपर्यंत मीटर लावला तर बीप वाजली, म्हणून कॉइल शॉर्ट आहे, पूर्ण प्लेट बदला असं सांगितलं. बदलू का? गाडी रोज चार-पाच किलोमीटर, गावातल्या गावात.

अर्थिंग_आधी
थांबा, प्लेटला हात लावू नका. ती बीप वाजायलाच हवी.

बॉडीशी बीप म्हणजे शॉर्ट, ही कसोटी थ्री-फेज गाड्यांची. तिथे एकाच रंगाच्या तीन वायरी येतात आणि त्यांतली एकही बॉडीला जोडलेली नसते. स्प्लेंडरच्या कॉइलचं एक टोक मुळातच अर्थला (म्हणजे बॉडीला) आहे. पांढरी वायर बॅटरी चार्जिंगची, पिवळी हेडलाइटची, दोन्हींचा परतीचा रस्ता बॉडीतून. उलट पांढरी ते बॉडी बीप आली नाही, तर कॉइल तुटली असं समजा.

हेडलाइट चांगला आहे आणि किकला सुरू होते, यावरून बॅटरीबद्दल काहीच कळत नाही. हेडलाइट पिवळ्या वायरीवर एसीला चालतो (म्हणून तर रेसबरोबर कमी-जास्त होतो) आणि सीडीआयला (प्लगला ठिणगी देणाऱ्या युनिटला) मॅग्नेटमधूनच वेगळी कॉइल आहे. बॅटरी काढून ठेवली तरी ही गाडी धावेल. पण तशी पळवू नका, व्होल्टेज उसळून बल्ब आणि फ्लॅशर (इंडिकेटर ब्लिंक करणारा डबा) जातात.

आता क्रमाने.

आधी बॅटरी बाहेर काढून ०.२५ अँपिअरला दहा-बारा तास चार्ज करा. कारच्या चार्जरवर लावली तर प्लेटा उकळून निघतील. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नाही. मग रात्रभर नुसती ठेवून सकाळी मोजा. १२.६ च्या वर असेल तर ठीक. १०.५ च्या आसपास घुटमळत असेल तर एक सेल मेला आहे, पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं १३.१ हे रीडिंग धरूच नका, ती स्वतःच व्होल्टेज खाली ओढते.

मग भरलेली बॅटरी लावून चांगली रेस द्या, साधारण तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला इंजिन जेवढं फिरतं तेवढी. १४ च्या आसपास यायला हवं. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट (कॉइलच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) किंवा त्याचं अर्थिंग बिघडलंय, पाणी वारंवार आटेल.

१४ येत नसेल, तर त्याच रेसवर व्होल्टेज कुठे गळतंय ते बघा. मीटर डीसी २० वर. एक टोक आरआरच्या कप्लरमध्ये (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडात) मागून लाल वायरीला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. मग तसंच हिरवी वायर ते बॅटरी मायनस. दोन्हीकडे ०.२ च्या आत हवं.

कॉइल सगळ्यात शेवटी. कप्लर सोडून पांढरी ते बॉडी ओहम बघा, एकच्या आत-बाहेर काहीतरी येईल. स्वस्त मीटरच्या वायरीच अर्धा ओहम खातात, म्हणून आधी दोन टोकं एकमेकांना लावून तेवढं वजा करा. मग एसी व्होल्टवर स्लो आणि रेस. फेऱ्या तिप्पट झाल्या की आकडाही जवळपास तिप्पट. हललाच नाही तर मग प्लेट.

वायरमन_६व्होल्ट
वरचं सगळं बरोबर. एक गोष्ट त्याआधी बघा, फुकट आहे. किल्ली चालू करून पायाचा ब्रेक न दाबता मागे जाऊन बघा, ब्रेक लाइट पेटलेला आहे का. पेडलची पिन चिखलाने सुकली की पेडल पूर्ण वर येत नाही आणि स्विच ओढलेलाच राहतो. २१ वॉटचा दिवा म्हणजे पावणेदोन अँपिअर. ही हाफ-वेव्ह चार्जिंग, एसीच्या लाटेचा अर्धाच भाग बॅटरीकडे जातो. गावातल्या स्लो-क्लच-ब्रेकमध्ये तेवढं भरून निघत नाही.

हेडलाइटला एलईडी टाकून तो बॅटरीवर घेतलाय का? असेल तर बाकी शोधाशोध थांबवा, तेच कारण.

पाना_दहा_बारा
एलईडी नाही, मूळ बल्ब आहे. बॅटरी भरून रात्रभर ठेवल्यावर १२.७. रेसला १३.२. लाल वायरीत ०.७ चा फरक, हिरवीत ०.०५. पांढरी ते बॉडी ०.६ ओहम (मीटरच्या वायरी वजा करून). आणि ब्रेक लाइट खरंच पेटलेलाच होता!

अर्थिंग_आधी
मग दोन्ही रोग सापडले. आरआर स्वतःच्या पिनवर १३.९ बघतोय, त्याला वाटतं बॅटरी भरत आली, म्हणून तो हात आखडता घेतो. बॅटरीपर्यंत पोहोचतात १३.२.

०.७ कुठे आहे ते टप्प्याने शोधा: आरआर ते फ्यूज होल्डरचं अलीकडचं टोक, मग फ्यूजच्या दोन्ही टोकांमध्ये, मग होल्डर ते बॅटरी. इतक्या जुन्या गाडीत फ्यूज होल्डरच्या पत्र्या तापून सैल झालेल्या असतात, प्लास्टिक तपकिरी पडलंय का बघा. हिरवट गंज पॉलिश पेपरने घासून झाकू नका, होल्डर नवा घ्या. फ्यूज मात्र आहे त्याच अँपिअरचा.

वायरमन_६व्होल्ट
पेडलची पिन काढून साफ करा, ग्रीस लावा, परतीची स्प्रिंग सैल असेल तर बदला. मग स्विच. बॉडी बोटांनी धरून ठेवा आणि नट फिरवा. बॉडी फिरवली तर आतल्या वायरी पिळून तुटतात. ब्रेक लागायच्या किंचित आधी दिवा पेटला पाहिजे.

पाना_दहा_बारा
होल्डरच होता, फ्यूजच्या दोन टोकांत ०.५. नवा टाकला. रेसला १४.१, दिवा पेडल दाबल्यावरच लागतो. आणलेली नवी प्लेट परत केली.