मदत हवी आहे: मराठी विकिपीडियाच्या २० वर्षांचा स्मृतिफलक

शब्दसेवक: मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. येत्या महाराष्ट्र दिनी (१ मे २०२३) त्याला २० वर्षे पूर्ण होत असल्याने आम्ही काही संपादक वाचनालयात स्मृतिफलक लावत आहोत. कारागिराला सोमवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. लेखसंख्या घालावी का आणि नावे कोणाची द्यावीत, यावर आमचे एकमत होत नाही. कृपया लवकर सुचवावे.

धातुकाम: फलक केवढा, कशाचा, आणि आत लागणार की उघड्यावर? हे कळल्याशिवाय किती ओळी बसतील ते सांगता येणार नाही. उघड्यावर पितळ काळवंडते.

पाषाण: पितळाचा आग्रह कशाला? काळा ग्रॅनाइट घ्यावा. त्याला पॉलिशची गरज नसते.

धातुकाम: ग्रॅनाइटवरच्या अक्षरांत भरलेला रंग काही पावसाळ्यांत उडतो आणि मग मजकूर जवळ जाऊनही वाचता येत नाही.

शब्दसेवक: फलक आतच, दारालगतच्या भिंतीवर लागेल. १८ इंच रुंद, १२ इंच उंच, पितळी. आता कृपया मजकुराकडे वळावे.

नोंदवही: पोलंडमधील स्लुबित्से येथे २२ ऑक्टोबर २०१४ रोजी अनावरण झालेले शिल्पकार मिहरान हाकोब्यान यांचे विकिपीडिया स्मारक पाहावे. त्यावर कोरलेल्या मजकुरात जगभरातील हजारो अनाम संपादकांना मानवंदना दिली आहे. तसेच भाषांची आणि लेखांची संख्या ‘अनावरणाच्या वर्षी’ अशा उल्लेखासह दिल्यामुळे ती पुढे वाढली तरी मजकूर खोटा पडत नाही. आपणही संख्या दिल्यास तिच्याशी तारीख जोडावी.

जुनासंपादक: संख्या नकोच. लेख वगळले जातात, एकमेकांत विलीन होतात आणि दोन ओळींचा लेखही त्यात एक म्हणूनच मोजला जातो. त्यापेक्षा सुरुवातीच्या संपादकांची नावे द्यावीत.

नोंदवही: नावे मुळीच देऊ नयेत. अनेकांनी टोपणनावाने लिहिले, काहींनी तर खाते न उघडताच शुद्धलेखन सुधारले. त्यांना वगळून केलेली यादी अन्यायाची होईल.

क्यूआरप्रेमी: फलकावर क्यूआर कोड घालावा आणि त्याच दिवशी संपादन कार्यशाळाही घ्यावी.

अक्षरजुळणी: कार्यशाळेचे नंतर पाहता येईल. कारागिराला युनिकोड मजकूर तसाच पाठवू नये, कारण त्याच्या संगणकावर जोडाक्षरे आणि रफार तुटण्याची शक्यता असते. अक्षरांचे रेषाकृतीत (फॉन्टवर अवलंबून नसलेल्या चित्रात) रूपांतर करून फाइल द्यावी आणि खऱ्या आकाराची कागदी प्रत भिंतीवर लावून दोघांनी तपासावी. वेलांट्या व उकार एकमेकांना भिडू नयेत इतके अंतर ओळींत हवे. विकिपीडियाचे बोधचिन्ह वापरणार असाल तर २०१० नंतरचेच घ्यावे. आधीच्या बोधचिन्हातील गोलावर देवनागरी ‘वि’ची वेलांटी चुकीच्या जागी होती. शिवाय बोधचिन्ह हे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचे व्यापारचिन्ह असल्याने त्यांचे धोरण आधी वाचावे.

शब्दसेवक: आभारी आहे. संख्या आणि नावे दोन्ही गाळत आहे. मसुदा असा: ‘मराठी विकिपीडिया, आरंभ १ मे २००३. वीस वर्षे हा ज्ञानकोश लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि सुधारणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात संपादकांना कृतज्ञतापूर्वक.’

जुनासंपादक: नावांबाबत मी अजूनही सहमत नाही, पण मसुदा चांगला आहे. फक्त फलक कोणी आणि केव्हा लावला, ते खाली लहान अक्षरांत द्यावे.